बारा तुकड्यांचा पसारा

आमचं घर मूळचं राजस्थानातलं. पणजोबांनी नंदुरबारला कापडाचं दुकान थाटलं आणि मग ते इथलेच झाले. घरात मारवाडी, गल्लीत अहिराणी आणि शाळेत मराठी अशा तीन भाषांत मी वाढलो आणि तिन्हींत सारख्याच जोरात भांडू शकत असे. दुकानाची गादी सोडून मी गणित शिकायला बाहेरगावी गेलो तेव्हा वडील पंधरा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. परत आलो तेव्हा दुसरं महायुद्ध चालू होतं. धान्याची टंचाई पडली होती आणि कुठल्या भागात किती ज्वारी पिकणार हे सरकारला आधी कळायला हवं होतं. शेतकी खात्याच्या एका कचेरीत आकडेमोड करणारा माणूस हवा होता. तिथे मी लागलो. कचेरीचं गाव सांगत नाही, कारण पुढे जे घडलं त्यात कुणाला कमीपणा यावा अशी माझी इच्छा नाही. कमीपणा यायचाच असेल तर तो मला यावा.

तोवर पिकाचा अंदाज आणेवारीने होत असे. अंमलदार बांधावर उभा राहायचा, शेताकडे बघायचा आणि पूर्ण पीक सोळा आणे धरून यंदा दहा आणे पीक, नाहीतर आठ आणे पीक, असं सांगून मोकळा व्हायचा. आता नवी रीत आली होती. गावातल्या शेतांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. ज्यांची नावं निघतील त्यांच्या शेतात दोरी आणि चार खुंट्या लावून ठरलेल्या मापाचा तुकडा आखायचा. तेवढीच ज्वारी कापायची, कणसं वाळवायची, मळायची आणि दाणे तोलायचे. प्रत्येक गावात असे बारा तुकडे. हे काम करायला फील्डमन होते. त्यांचे तक्ते माझ्या टेबलावर यायचे आणि मी सरासरी काढायचो.

पण मी फक्त सरासरी काढत नव्हतो. मला कुणी सांगितलं नसताना मी तक्त्याच्या तळाशी आणखी एक आकडा लिहीत असे. आज पाठ्यपुस्तकांत त्याला प्रमाण विचलन म्हणतात. त्या काळी आम्ही इंग्रजी नावच शिकलो होतो. मी आपला त्याला ‘पसारा’ म्हणत असे. पुढे कचेरीत तोच शब्द रूढ झाला.

पसारा म्हणजे काय, ते पाच तुकड्यांवर सांगतो. समजा एका गावात पाच तुकड्यांत बारा, सात, पंधरा, चार आणि बारा शेर ज्वारी निघाली. बेरीज पन्नास, सरासरी दहा. आता प्रत्येक तुकडा दहापासून किती लांब आहे ते बघा. पहिला दोनाने, दुसरा तिनाने, तिसरा पाचाने, चौथा सहाने आणि शेवटचा पुन्हा दोनाने. काही वर आहेत, काही खाली. नुसतीच बेरीज केली तर वरचे आणि खालचे एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती शून्य येतं. म्हणून प्रत्येक अंतराचा वर्ग करायचा, म्हणजे उणे-अधिक उरत नाही. चार, नऊ, पंचवीस, छत्तीस, चार. मिळून अठ्ठ्याहत्तर. पाचांनी भागलं की साडेपंधराच्या जरा वर. त्याचं वर्गमूळ जवळजवळ चार. म्हणजे या गावात दहा शेर सरासरी आहे आणि शेतं तिच्यापासून साधारण चार-चार शेरांनी इकडेतिकडे पसरली आहेत. शेजारच्या गावात दहा, अकरा, नऊ, दहा, दहा असे आकडे असतील तर सरासरी तीच दहा, पण पसारा अर्ध्या शेराहून थोडासाच जास्त. सरासरी बघून दोन्ही गावं एकसारखी वाटतील. पसारा बघितला की दोन्ही गावांतलं जगणं किती वेगळं आहे ते कळतं.

आमच्या साहेबांना हे पटत नसे. साहेब पन्नाशी ओलांडलेले, बांधावर उभं राहून आयुष्यभर आणेवारी केलेले गृहस्थ. स्वभावाने प्रेमळ, पण वरून तारा येऊ लागल्या की घाबरे व्हायचे.

“वरचे लोक सरासरी मागतात,” ते म्हणायचे. “तुमचं हे वर्गमूळ कुठल्या रकान्यात भरू मी?”

“समासात लिहा, साहेब. कधीतरी उपयोगी पडेल.”

मी सव्वीस वर्षांचा होतो आणि माझ्या गणितावर माझा पूर्ण विश्वास होता. तो आजही आहे. फक्त गणित काय सांगतं आणि काय सांगत नाही, यातला फरक त्या वर्षी शिकलो.

मार्गशीर्षाच्या सुमाराला अक्राणीच्या डोंगरातले पहिले तक्ते आले. दोन गावांचे, बारा-बारा तुकड्यांचे. सातपुड्यातल्या त्या भागाची जमीन मी पाहिलेली नव्हती, पण ती कशी असते ते ऐकून होतो. नाल्याकाठी एखादं काळं शेत, त्याच्यावर मुरूम आणि त्याच्याही वर निव्वळ दगड. सपाटीवर शहाद्याच्या बाजूला, जिथे एकसारखी काळी जमीन आहे, तिथल्या गावांतसुद्धा माझा पसारा तीन शेरांच्या खाली आलेला नव्हता. डोंगरात तो त्याहून मोठा येणार असं मी धरून चाललो होतो.

पहिल्या गावाची सरासरी दहा शेरांच्या आसपास आली. पसारा आला पाव शेर.

मी पुन्हा गणित केलं. तेच उत्तर आलं. दुसऱ्या गावाचा तक्ता घेतला. सरासरी नऊ शेर आणि पसारा पुन्हा पाव शेराच्या आतबाहेर. बाराच्या बारा तुकडे एकमेकांना चिकटून बसलेले. दगडावरचं शेत आणि नाल्याकाठचं शेत, दोघांत मूठभर दाण्यांचासुद्धा फरक नाही. असं पीक देवाच्याही शेतात येत नसेल.

मी तक्ते घेऊन तडक साहेबांकडे गेलो.

“हे आकडे शेतातले नाहीत,” मी म्हणालो. “घरी बसून लिहिलेले आहेत. माणूस खोटे आकडे लिहायला लागला की सरासरीच्या जवळजवळ लिहितो. फार वर गेलं तर कुणी विचारेल, फार खाली गेलं तरी कुणी विचारेल, या भीतीने.”

“सरासरी तर बरोबर वाटते,” साहेब म्हणाले.

“सरासरी कुणालाही बरोबर लिहिता येते. पसारा बरोबर लिहिता येत नाही.”

हे वाक्य मला स्वतःलाच फार आवडलं होतं, हे मी कबूल करतो. साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. वरून चौकशी येण्याआधी आपणच काहीतरी केलेलं बरं, असं त्यांनी मनाशी ठरवलं असावं. त्याच दिवशी माझी टिपणी जोडून त्यांनी हुकूम काढला. अक्राणीच्या फील्डमनने काम थांबवून, तराजू आणि सामान घेऊन कचेरीत हजर व्हावं. चौकशी होईपर्यंत त्याला कामावरून दूर केलं आहे.

त्या फील्डमनला मी एकदाच, नेमणुकीच्या वेळी पाहिलं होतं. चाळिशी उलटलेला, उंच, सडपातळ माणूस. मूळचा खापरचा. वडील पिंजारी होते, गावोगाव फिरून गाद्यांचा कापूस पिंजायचे. त्यांच्या मागे फिरून फिरून या माणसाला डोंगरातल्या सगळ्या वाटा ठाऊक झाल्या होत्या, अगदी नर्मदेकाठच्या मणिबेलीपर्यंत. भिली आणि पावरी या तिथल्या बोली त्याला घरच्यासारख्या यायच्या. सगळे त्याला चाचा म्हणत, म्हणून मीही म्हणत असे.

हुकूम गेल्यानंतर पाच-सहा दिवसांनी टपालातून आणखी दोन तक्ते आले. तेही चाचाचेच, हुकूम पोचण्याआधी पाठवलेले. डोंगरातल्याच दुसऱ्या दोन गावांचे. मी जरा फुशारकीनेच ते उलगडले. पसारा पुन्हा पाव शेर येणार आणि माझ्या टिपणीला आणखी बळ मिळणार, अशी माझी खात्री होती.

पहिल्याचा पसारा आला चार शेर. दुसऱ्याचा साडेचार.

मी दोन्ही गणितं पुन्हा करून पाहिली. घरी बसून आकडे लिहिणारा माणूस चारही गावांचे आकडे घरीच बसून लिहील. दोन गावांत लबाडी आणि दोन गावांत इतका चोख प्रामाणिकपणा, असं का करील? आणि हे आकडे तर चोख होते. त्यांत दोन शेराचा एक तुकडा होता आणि सतरा शेराचाही एक होता. असा आकडा कुणी मनाने लिहीत नाही, त्याला धीरच होत नाही. मग त्या पहिल्या दोन गावांत काय झालं होतं? पसारा खोटा होता यात मला अजूनही शंका नव्हती. पण खोटं कुणी केलं, हे वर्गमुळाने मला सांगितलंच नव्हतं. ते मी माझ्या पदरचं जोडलं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचा आला. खांद्यावर तराजूची दांडी, पाठीवर वजनांची थैली. ते सगळं त्याने माझ्या टेबलासमोर जमिनीवर ठेवलं आणि साहेबांकडे न जाता माझ्यापुढेच उभा राहिला.

“टिपणी तुम्ही लिखी का?” त्याने विचारलं.

“हो, मी लिहिली.”

“मी तोलं तेच लिखं, भाऊ. एकबी आकडा मन्हा मनना नही.” म्हणजे एकही आकडा माझ्या मनाचा नाही.

मी त्याला बसायला सांगितलं. तो बसला नाही. मी तक्ता पुढे केला आणि अहिराणीतच विचारलं, की चाचा, बारा शेतांत सारखंच धान्य कसं निघालं?

“मालेबी नवल वाटनं,” तो म्हणाला. “काटा बिघडना का काय, म्हनीसन दोन येळा तपासा. काटा बराबर व्हता.” काटा त्याने दोनदा तपासला होता. मग माझ्याकडे रोखून बघत त्याने विचारलं, “तुम्ही कधी डोंगरमा उनात का?”

मी कधी डोंगरात गेलो नव्हतो. खुर्चीवर बसून मी त्याचं काम काढून घेतलं होतं आणि त्याला ते माहीत होतं. मला फार शरम वाटली. मी उठलो आणि सरळ साहेबांच्या खोलीत गेलो.

“मला अक्राणीला जाऊ द्या,” मी म्हणालो. “आणि चाचाला माझ्याबरोबर पाठवा.”

“आता काय झालं? तुम्हीच म्हणालात आकडे खोटे आहेत.”

“आकडे चुकलेले आहेत, हे मी आजही म्हणतो. माणूस खोटा आहे असं म्हणालो, ते माझं चुकलं असेल. ते तिथे गेल्याशिवाय कळणार नाही.”

साहेब वैतागले, पण त्यांनी नाही म्हटलं नाही. आठ दिवसांची मुदत दिली.

शहाद्याहून म्हसावदपर्यंत आम्ही बैलगाडीने गेलो आणि पुढे पायी. पहिल्या दिवशी चाचा माझ्याशी कामापुरतंच बोलला. घाट चढताना मला दम लागला की तो थांबायचा, पण मागे वळून बघायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी एका ओढ्यावर भाकरी खाताना त्याने आपण होऊन विचारलं, “त्या कागदना तळे तुम्ही काय लिखतस? त्यावरून मी लबाड ठरनू ना?”

मी ओढ्याकाठचे खडे गोळा केले. पाच ढीग केले, बारा, सात, पंधरा, चार, बारा. सरासरी म्हणजे काय ते त्याला ठाऊक होतं. अंतरं त्याने स्वतःच मोजली. वर्ग म्हटल्यावर तो हसला, कारण तिशीपर्यंतचे पाढे त्याला तोंडपाठ होते आणि पंधरा पंधरे, सोळा सोळे तो न थांबता म्हणू शकत होता. वर्गमुळाला मात्र अडला.

“हे उलटं काबर करतस?” त्याने विचारलं. उलटं कशासाठी करता?

“वर्ग केला म्हणजे शेर राहिले नाहीत, शेरांचे शेर झाले. पुन्हा साध्या शेरांत यायचं असेल तर मूळ काढायला हवं.”

त्याने मान हलवली. मग खड्यांच्या त्या ढिगांकडे बघत तो म्हणाला, “तुमनं गणित बराबर शे. त्या गावमा काही तरी व्हयेल शे.” गणित बरोबर आहे, त्या गावात काहीतरी घडलेलं आहे. ज्या गणिताने त्याचं काम गेलं होतं, त्याच गणितावर त्याने माझ्यासमोर असा विश्वास टाकला. त्या माणसाबद्दल मला जो आदर वाटू लागला तो तिथून.

तिसऱ्या दिवशी आम्ही पहिल्या गावात पोचलो. घरं लांब लांब, प्रत्येकाचं घर आपापल्या शेतात. चाचाने हाका मारल्या तशी माणसं उतारावरून खाली येऊ लागली. त्याला बघून सगळ्यांना आनंद झालेला दिसत होता. एका मोठ्या खळ्यावर आम्हाला बसवलं. मी मराठीत विचारायचो, चाचा पावरीत सांगायचा आणि उत्तर मला अहिराणीत मिळायचं.

चाचाने आधी मला काम कसं झालं ते सांगितलं. चार गावं आणि फील्डमन एकटा. या गावात त्याने बारा तुकडे कापले, बारा पेंढ्या बांधल्या, प्रत्येक पेंढीला चिठ्ठी अडकवली आणि कणसं वाळायला ज्याच्या त्याच्या शेतात ठेवून शेजारच्या गावात तसंच केलं. मग तो पलीकडच्या दोन गावांत गेला. आठ दिवसांनी परत आला तेव्हा या खळ्यावर बारा टोपल्या ओळीने मांडून ठेवलेल्या होत्या. मळणी झालेली बघून त्याला बरंच वाटलं. त्याने विचारलं, बारा शेतांचं सगळं आलं का? ते हो म्हणाले. त्याने तोललं आणि लिहिलं.

“मळणी कुणी केली?” मी विचारलं.

चाचाने विचारताच सगळ्यांनी एकदम बोलायला सुरुवात केली. मग एक म्हातारी पुढे आली आणि बाकीचे गप्प झाले. तिचं शेत अगदी वरच्या दगडाळ उतारावर होतं आणि बारा शेतांत तिचंही निघालं होतं. ती हातवारे करत सांगू लागली आणि सांगता सांगता हसू लागली. ऐकता ऐकता चाचाने कपाळावर हात मारला.

चाचा गेल्यावर तिसऱ्या दिवशी आभाळ भरून आलं होतं. अवेळी पाऊस येणार असं दिसलं. सरकारच्या पेंढ्या शेतांत उघड्यावर पडलेल्या. चाचा नाही, त्याला निरोप पाठवायला वेळ नाही. आपल्या चाचाचं काम वाया जाऊ नये म्हणून अख्खं गाव लाह्याला निघालं. लाहा म्हणजे त्यांच्याकडची रीत, एकाच्या कामाला सगळ्यांनी मिळून हात लावायचा. धावत जाऊन बाराही पेंढ्या या खळ्यावर आणल्या. आणताना चिठ्ठ्या गळाल्या. पाऊस यायच्या आत मळायचं म्हणून सगळ्या पेंढ्या एकदमच मळल्या. दाण्यांचा एक ढीग झाला.

“आणि मग?” मी विचारलं.

म्हातारी काय म्हणाली ते चाचाने मला सांगितलं. ती म्हणाली, की कापणी बारा घरांची होती, म्हणून बारा टोपल्या भरल्या. एकाच मापाने, काठोकाठ. एकाला कमी आणि एकाला जास्त दिलं असतं तर ते बरं दिसलं असतं का?

शेजारच्या गावावरही तेच आभाळ होतं आणि तिथेही तेच झालं होतं. पलीकडच्या दोन गावांत त्या दिवशी चाचा स्वतः होता. त्याने प्रत्येक पेंढी ज्याच्या त्याच्या ओसरीत नेऊन ठेवली होती.

“माय, हे तू चाचाला का नाही सांगितलंस?” मी विचारलं.

तिने माझ्याकडे जरा कीव आल्यासारखं पाहिलं. त्याने विचारलं कुठे, ती म्हणाली. त्याने विचारलं, सगळं आलं का? सगळं आलं होतं.

मग मी तिला विचारलं, की तुझी पेंढी वेगळी मळली असती तर किती दाणे निघाले असते? तिने दोन्ही हातांनी टोपलीच्या निम्म्याहून खालची जागा दाखवली. नाल्याकाठच्या शेताचा मालक शेजारीच उभा होता. त्याने काठोकाठच्याही वर ढीग दाखवला. माझा पसारा त्या दोघांच्या हातांच्या मध्ये होता. ढिगात तो मिसळून गेला होता आणि मला कागदावर जे दिसलं होतं ते फक्त टोपल्या भरताना हाताने पडलेला फरक. पाव शेराचा.

पण एवढ्यावर साहेब चाचाला परत घेतील याची मला खात्री नव्हती. म्हातारीच्या हातवाऱ्यांना कचेरीत कोण विचारणार? वरच्या अंगाला उशिरा पेरलेली काही शेतं अजून उभी होती. मी पुन्हा चिठ्ठ्या टाकल्या. सात शेतं निघाली. चाचाने दोरी लावली, खुंट्या ठोकल्या, मी बाजूला उभा राहिलो. ऊन कडक होतं आणि मुदत थोडी होती. कणसं खडकावर पसरून वाळवली आणि प्रत्येक तुकड्याची मळणी वेगळ्या धोतरावर केली. गावातल्या लोकांना ही गंमत वाटत होती. एकदम मळलं तर लवकर होईल, असं ते मला पुन्हा पुन्हा सांगत होते. कारण सांगायला मला अर्धा दिवस लागला. शेवटी चाचानेच त्यांच्या भाषेत सांगितलं, की सरकारला गावाचं धान्य किती ते कळतं, पण म्हातारीचं शेत आणि नाल्याकाठचं शेत एक नाही हे कळत नाही. ते कळावं म्हणून हा खटाटोप. मग कुणी हसलं नाही. म्हातारीने आपलं लुगडं आणून दिलं, एखादं धोतर कमी पडलं तर म्हणून.

सात तुकड्यांत साडेतीन शेरांपासून सोळा शेरांपर्यंत धान्य निघालं. खळ्यावर बसूनच चाचाने अंतरं मोजली आणि वर्ग केले. मी अंकांच्या जोड्या पाडून वर्गमूळ काढलं. सरासरी पुन्हा दहा शेरांच्या जवळ आली. पसारा चार शेरांच्या वर गेला.

शेवटी मी आणखी एक गोष्ट केली. एकच टोपली चाचाकडून दहा वेळा तोलून घेतली, दर वेळी वजनं काढून आणि पुन्हा घालून. दहाही वजनं एकमेकांपासून मुश्किलीने छटाकभर, म्हणजे शेराच्या सोळाव्या भागाइतकी, लांब होती. त्याच्या काट्याचा आणि त्याच्या हाताचा पसारा इतका लहान होता. हेही मी लिहून घेतलं. त्याच्या प्रामाणिकपणाबद्दल माझ्याकडे कागदावर दाखवता येईल असा हा सगळ्यात चांगला पुरावा होता.

परत आल्यावर साहेबांसमोर मी दोन कागद ठेवले. एकावर नवे आकडे होते. दुसऱ्यावर माझी टिपणी, नवी. तिच्यात मी लिहिलं होतं, की पहिली टिपणी मी गावात न जाता लिहिली. आकड्यांबद्दल तिच्यात लिहिलेलं बरोबर होतं आणि माणसाबद्दल लिहिलेलं चूक होतं, ती चूक माझी आहे.

साहेबांनी दोन्ही कागद सावकाश वाचले.

“हे असं लिहून दिलंत तर तुमच्या नोंदीत कायमचं राहील,” ते म्हणाले.

“चाचाच्याही नोंदीत पहिली टिपणी राहणारच आहे. तिच्या शेजारी ही राहू द्या.”

“आणि त्या दोन गावांचं काय करायचं? सरासरी तर तीच आली.”

“सरासरी ठेवा,” मी म्हणालो. “ढीग केला तरी धान्य तेवढंच होतं, सरासरी कुठे पळत नाही. पण त्या बारा आकड्यांवर विसंबून कुणी म्हणेल, की या गावाचा अंदाज आम्हाला पाव शेरापर्यंत पक्का ठाऊक आहे, तर ते साफ चूक. आणि सरासरी दहा शेर म्हणून गावातल्या प्रत्येक घरी दहा शेरांच्या हिशेबाने धान्य असेल असं धरलं, तर साडेतीन शेरवाल्या घरात माणसं उपाशी राहतील. पसारा बघितला की ते आधीच कळेल.”

साहेब म्हणाले, “तीस वर्षं मी बांधावरून गावाला एकच आकडा देत आलो.” त्यांनी चाचाला कामावर परत घेतल्याचा हुकूम स्वतःच्या हाताने लिहिला, कारकुनाला सांगितला नाही. पुढच्या हंगामापासून तक्त्याच्या तळाशी पसाऱ्याचा रकाना छापून आला. मळणी फील्डमनच्या डोळ्यांसमोर आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या कापडावर, असा नियम झाला. आणि डोंगरात चार गावांना एक फील्डमन होता तिथे दोघे झाले.

हुकूम घेऊन मी बाहेर आलो. चाचा ओट्यावर बसला होता. मी त्याच्याशेजारी बसलो आणि म्हणालो, “चाचा, मी तुम्हाला न बघता, न विचारता लबाड ठरवलं. मला माफ करा.”

त्याने कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला. लगेच माफ केलं असं तो म्हणाला नाही. मला वाटतं, ते बरोबरच होतं. घरी बायकोला आणि भावकीला त्याने काय सांगितलं असेल, त्या पंधरा दिवसांत खापरला लोक काय बोलले असतील, ते मला कळायला मार्ग नव्हता. थोड्या वेळाने तो म्हणाला, “वर्गमूळ माले शिकाडा. आज ना आज. पुढला येळले तळेना आकडा मीच लिखसू.” पुढच्या वेळी तळाचा आकडा मीच लिहीन.

आम्ही तिथेच ओट्यावर, खडूने, जोड्या पाडायला बसलो. दोनदा चुकला, तिसऱ्यांदा जमलं. पुढच्या हंगामात त्याचे तक्ते पसाऱ्यासकट आले. मी ते पुन्हा तपासले, आणि तपासतो आहे हे त्याला आधीच कळवलं होतं. चूक एकच निघाली आणि ती माझ्या बेरजेत होती.

त्यानंतरच्या वर्षी नव्या फील्डमनांची शिकवणी आमच्या कचेरीत झाली. साहेबांनी मला शिकवायला सांगितलं. मी म्हणालो, गणित मी सांगतो, पण पहिला दिवस चाचाचा. तो उभा राहिला. समोर वीसेक माणसं, बहुतेक सपाटीवरची, काही नुकतीच शाळा सोडून आलेली. त्याने फळ्यावर काही लिहिलं नाही. त्याने मला माझ्या खुर्चीवरून उठवलं आणि पुढे बोलावलं. सगळ्यांना विचारलं, की या भाऊंना तुमच्या तक्त्यात बाराही आकडे सारखे दिसले तर ते काय म्हणतील? लोक माझ्याकडे बघून हसले. मीही हसलो. मग चाचा म्हणाला, आधी काटा तपासायचा, मग खळं तपासायचं, मग माणसांना विचारायचं, आणि विचारायचं ते असं विचारायचं की उत्तर नुसतं हो-नाही येणार नाही. एवढं करूनही आकडे सारखेच राहिले, तर बेधडक तसेच लिहायचे आणि भाऊंना चढायला लावायचं डोंगर.

मग त्याने खडू माझ्या हातात दिला आणि मी बारा, सात, पंधरा, चार, बारा असे पाच आकडे फळ्यावर मांडून शिकवायला सुरुवात केली.